भुंग्याच्या वाटचा घास

"आधी दारच्याला, मग घरच्याला. आणि बाई, पोटातलं ओठावर आणायचं नाही."

हा शैलाच्या सासूचा आवाज. सासू जाऊन कैक वर्षं झाली, पण तो आवाज गेला नाही. रोपवाटिकेत ट्रे भरताना, नळाखाली हात धुताना, कधी नुसतंच उंबऱ्यात उभं राहिल्यावर तो मागून यायचा आणि शैला दचकून वळायची. त्यातलं पहिलं अर्धं होतं घराची रीत. ते सासू रोज म्हणे. दुसरं अर्धं तिनं एकदाच ऐकवलं होतं, एका पहाटे, न्हाणीच्या दाराशी. त्या पहाटेबद्दल शैलानं आजवर नवऱ्याखेरीज कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

रीत अशी, की औट्यांच्या घरात पोटुशी बाईनं ताटातला पहिला घास आपल्या हातानं दारच्या कुत्र्याला घालायचा. सुनेवरची, पोटातल्या जिवावरची दृष्ट त्या घासाबरोबर निघून जाते. मात्र ती घास घालत असताना घरातल्यांनी तोंड फिरवायचं. कुणी बघितलं, तर गेलेली दृष्ट आल्या वाटेनं परत येते.

म्हणून त्या दुपारी शैलाची पोटुशी सून ईश्वरी भाकरीचा घास घेऊन ओट्याच्या कडेला वाकली, तेव्हा शैलानं नेहमीसारखी पाठ केली आणि भिंतीकडं बघत गुणगुणली,

दारीच्या राखणीला, उभा भुंगा काळाभोर,
पहिला घास त्याचा, मग जेवो लहानथोर.

भुंग्यानं घास गिळल्याचा आवाज आला. मग शैला वळली, पिठाच्या गोळीत भुंग्याचं औषध लपवून त्याच्या जिभेवर ठेवलं, जबडा मिटून धरला, गळा चोळला. औषध गेलं. ईश्वरी ताटावर बसली. सगळं रोजच्यासारखं.

आणि रोजच्यासारखाच थोड्या वेळानं भुंग्याच्या गळ्यातला पट्टा बोलू लागला.

"नमस्कार. भुंगा यांच्या रक्तात प्रतिजैविकाची पातळी अपेक्षेपेक्षा कमी आहे. कृपया डोस वेळेवर द्या."

"दिलाय गं बाई! आत्ता तुझ्या डोळ्यांदेखत दिलाय!" शैला ओरडली. "बघ ईशू, कुत्र्याला 'यांच्या' म्हणते आणि मला खोटं पाडते. ही गळ्यात बांधलेली नणंद आहे नणंद!"

ईश्वरी हसली नाही. एरवी नणंदेचा विनोद तिला आवडायचा. ती ताटातली भाजी नुसतीच इकडची तिकडं करत राहिली. पट्ट्यावरचा पिवळा दिवा भुंग्याच्या काळ्या केसांत लुकलुकत होता.

*

या पट्ट्याची गोष्ट सांगायला हवी.

त्या वर्षांत औषधं संपली नव्हती, औषधांचा वचक संपला होता. माणसांनी सर्दीला, कोंबड्यांनी वजनाला, बागांनी करप्याला इतकी प्रतिजैविकं खाल्ली, की जंतू निर्ढावले. साधं करट चिघळून माणसं जायला लागली, तेव्हा सरकारला जाग आली. उरलीसुरली चांगली औषधं पहाऱ्यात ठेवली गेली. जनावराला असं औषध द्यायचं, तर त्याच्या गळ्यात पट्टा बांधलाच पाहिजे. पट्ट्याच्या आतल्या अंगाला केसाहून बारीक सुया होत्या. कातडीखालचा ओलावा त्या चाखत आणि औषध किती चढलं, किती उतरलं, हे दवाखान्याला कळवत. बाहेरच्या अंगाला बारीक जाळी होती, तिच्यातून पट्टा बोले आणि आसपासचं ऐकेही.

पातळी सारखी कमी दिसली, की औषध बंद. दया नाही, माया नाही. नारायणगावच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मुबीना आतार शैलाला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "शैलाताई, अर्धं औषध हे औषध नसतं, जंतूंची तालीम असते. लेचेपेचे मरतात, दांडगे उरतात आणि ते दांडगे आपली विद्या सगळ्या गावाला शिकवतात. मग कुत्रा तर जातोच, उद्या कुणाचं पोरही जातं."

आणि भुंग्याला औषध लागणारच होतं. बिबट्याचे दात त्याच्या खांद्यात हाडापर्यंत गेले होते.

ती संध्याकाळ सगळ्या आळीला पाठ होती. शैलानंच पाठ करून घेतली होती. ईश्वरीला तिसरा सरत आलेला. उसाच्या कडेला कढीपत्त्याचं झाड आहे, तिकडं ती दिवेलागणीला पाला आणायला गेली. उसातून बिबट्या आला. भुंगा मधे पडला. शैला रोपवाटिकेतून धावली, पत्रा बडवला, माणसं गोळा झाली. बिबट्या निघून गेला. भुंगा रक्तात पडलेला आणि ईश्वरी मातीनं भरलेल्या हातांनी झाडाला टेकलेली. शैला कुत्र्याला उचलून दवाखान्यात गेली, रात्रभर तिथंच राहिली. सकाळी परतली, तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. शैलानं सगळ्यांसमोर ईश्वरीला उराशी धरलं आणि म्हणाली, "या मुक्या जिवानं माझी सून वाचवली गं, माझं नातवंड वाचवलं! एका उडीत दोन जीव!"

तेव्हापासून भुंगा आळीचा देव झाला. बायका त्याला अंडं आणून घालायच्या. पोरं त्याला हात लावून परीक्षेला जायची. आणि देव मात्र खांद्यात पू घेऊन लंगडत लंगडत पुन्हा त्याच कढीपत्त्याखाली जाऊन बसायचा. कितीही हाकला.

"मार खाल्लेल्या जागीच जाऊन बसतोय," शैला म्हणायची. "माणसासारखाच खुळा."

*

"दूध घालता का?" मुबीनाताईंनी विचारलं. टेबलावर भुंगा जीभ बाहेर काढून बसला होता. खांद्याची पट्टी सोडल्यावर खोलीत गोडसर घाण वास पसरला.

"बायका घालतात. देव झालाय ना आमचा."

"दूध बंद, दही बंद, हाडं बंद. देवाला उपास घडवा." मुबीनाताईंनी आपले दोन्ही हात पुढं केले. "हे औषध असं आहे बघा. याला दोन हात आहेत. दुधातला चुना भेटला, की हे त्याचे हात धरतं. लोखंड भेटलं तर गच्चच धरतं, सोडतच नाही. मग ती जोडी आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. आलं तसं बाहेर. तुम्ही औषध दिलं हे खरं, आणि पट्टा म्हणतो मिळालं नाही, तेही खरं."

"म्हणजे आमची नणंद खोटं नाही बोलत?"

"नाही. पण तिला फक्त एवढंच कळतं, की कमी पडलं. का कमी पडलं, ते घरात शोधावं लागतं." त्यांनी भुंग्याच्या कानामागं खाजवलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "वरून विचारणा झालीय, शैलाताई. पातळी अशीच राहिली, तर मला औषध थांबवावं लागेल. आणि ते थांबलं, तर याच्या हाडातला पू दुसऱ्या कशालाच दाद देणार नाही. मला ते करायचं नाहीये."

शैला घरी आली ती वारा प्यायल्यासारखी. तिला बसवेना. दूध बंद झालं. अंडी घेऊन आलेल्या शेजारणीला तिनं दारातूनच परत पाठवलं. ती बाई फणकारली, "आमच्या कोंबडीच्या अंड्यात काय ईख आहे का?" लोखंडाचा तवा माळ्यावर गेला, मातीचं खापर आलं. बोअरच्या पाण्याला लालसर झाक असते, म्हणून भुंग्याच्या भांड्यात पिण्याचं गाळलेलं पाणी आलं. गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला. दारातली साखळी चाटतो की काय, म्हणून साखळीला कापड गुंडाळलं गेलं.

"आई, बसा ना जरा," ईश्वरी म्हणाली.

"कशी बसू? यानं तुमच्या दोघांसाठी अंगावर दात घेतले. आणि माझ्याच घरातलं काहीतरी याला मारतंय. बसवेल का मला?"

शैलाचाच जुना ढगळ गाऊन ईश्वरी हल्ली घालायची. त्याच्या बाहीत तिनं हात ओढून घेतले आणि आत गेली.

सगळं करूनही पट्टा पिवळाच राहिला. उलट भुंग्याची शी काळी कुळकुळीत व्हायला लागली, डांबरासारखी.

संध्याकाळी सार्थकचा व्हिडिओ कॉल आला. शैलाचा मुलगा गुजरातच्या किनाऱ्यापुढं भर समुद्रात पवनचक्क्या दुरुस्त करायच्या कामाला होता. महिनोन् महिने तिथंच. पडद्यावर त्याचे केस वाऱ्यानं उभे राहिलेले.

"काय म्हणतंय आमचं पोरगं?" त्यानं विचारलं.

"पोरगं कशावरून? पोरगी असेल," शैला म्हणाली. "तुझ्यासारखं माकड आणखी एक नको मला. आणि हिला समजाव जरा. सोनोग्राफीची तारीख दोनदा टाळली. म्हणते, सार्थक आल्यावर जाऊ."

"मग जाऊ दे ना, मी येतोच आहे. ईशू, गोळ्या घेतेस ना?"

"आई रोज ताटात ठेवतात," ईश्वरी म्हणाली.

ते खरंच होतं. तिसरा सरता सरता गावच्या आशाताईंनी गोळ्यांची पाकिटं आणून दिली होती. शैला रोज दुपारी त्यातली एक लाल गोळी काढून वाटीशेजारी ठेवी, जशी कुणी देवापुढं सुपारी ठेवावी. आणि सुनेला आवडेल म्हणून स्वतः जुळवलेली ओवी म्हणे,

वाफ्यातल्या रोपाला गं, दोन पानांचा पसारा,
लेकीसारख्या सुनेला, चढे महिना तिसरा.

ओवी सुरू झाली, की ईश्वरीला हटकून काहीतरी काम आठवायचं आणि ती उठून जायची. लाजते, शैलाला वाटायचं. आता पाचवा लागला होता. पाचव्या महिन्याची ओवी कधीपासून अर्धीच होती. दुसरी ओळ येतच नव्हती.

*

काळी शी म्हटल्यावर मुबीनाताईंचा चेहरा बदलला. आत कुठं रक्तस्राव होतोय की काय, अशी त्यांना शंका आली. त्यांनी भुंग्याचं रक्त काढलं, शी तपासली आणि यंत्राला लावलं. शैला बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. भिंतीवरच्या गाईच्या चित्रात गाईला चार पोटं असतात असं लिहिलं होतं, ते तिनं पुन्हा पुन्हा वाचलं.

मुबीनाताई बाहेर आल्या त्या दार लावून घेऊनच.

"रक्तस्राव नाही. देवाची कृपा. पण लोह आहे, शैलाताई. भरपूर."

"तवा काढला मी. पाणी बदललं."

"तव्याचं नाही हे. तव्याचं, पाण्याचं लोह हळूहळू चढतं. इथं पट्ट्याच्या नोंदीत रोज दुपारचाच डोस एकदम बुडतोय. जेवणाच्या वेळी. आणि लोहाबरोबर आणखी एक आहे." त्या थांबल्या. "फॉलिक आम्ल. कुत्र्याच्या खाण्यात ते असं येत नाही. ही दोन्ही एकत्र एकाच गोळीत असतात."

शैलाला कळलं होतं, पण कळल्याचं तिनं अजून मनाला सांगितलं नव्हतं.

"घरात सून पोटुशी आहे ना तुमच्या?" मुबीनाताईंनी अगदी हळू विचारलं.

"ती गोळी कुत्र्याला घालते?"

"मी असं म्हणाले नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे. माणसांचं मला काही दिसलेलं नाही आणि मी काही लिहिणार नाही." त्यांनी भुंग्याचा पट्टा सारखा केला. "वरच्या लोकांना कुणी केलं, ते नको असतं. थांबलं, एवढाच शब्द पाहिजे. उद्या दुपारचा डोस नीट चढला, तर मी लिहीन, कारण सापडलं, थांबलं. नाही चढला, तर उद्या संध्याकाळी मला हा पट्टा सोडायला यावं लागेल. पट्टा सुटला म्हणजे औषध सुटलं."

"थांबेल," शैला म्हणाली. दात ओठ खाऊनच म्हणाली.

रिक्षा सोडून ती फाट्यावरून चालतच निघाली. भुंगा मागं लंगडत होता. तिचा संताप तिच्यापुढं चालत होता. काय बोलायचं ते ती वाटभर रचत होती. गोळी कडू लागते का महाराणीला? पोट साफ होत नाही म्हणून? अगं, पोटात बाळ आहे, त्याच्या तोंडचं काढून कुत्र्याला घालतेस? आणि कुठल्या कुत्र्याला? ज्यानं तुझ्यासाठी रक्त सांडलं, त्यालाच? आणि रीतीच्या आडून! आम्ही पाठ करतो, तर आमच्या पाठीमागं हे!

जिभेवर एवढी धार चढली होती, की समोर कुणी आलं असतं तर कापलं गेलं असतं.

घरात ईश्वरी नव्हती. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीआडही नव्हती. भुंगा मात्र सरळ पुढं निघाला, उसाच्या कडेला, कढीपत्त्याकडं. शैला त्याच्या मागं गेली आणि जाळीच्या कोपऱ्यावरच थांबली.

ईश्वरी झाडाखाली बसली होती. ऊन पानांतून गळून तिच्या पाठीवर पडलं होतं. भुंगा तिच्याशेजारी जाऊन आडवा झाला. तिनं न बघताच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग गुडघे उभे करून छातीशी घट्ट आवळले, त्यांना दोन्ही हातांची मिठी घातली आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकली. शाळेतली पोर बाकावरून उतरून अंगणात बसते, तशी.

शैलाचे पाय मातीत रुतले.

पाचव्या महिन्यातली बाई अशी बसत नाही. बसायला जागाच नसते तिला. मांडी आणि छाती यांच्यामधे कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

हे कुठल्याही पट्ट्यानं सांगितलं नव्हतं. हे शैलाच्या स्वतःच्या अंगाला ठाऊक होतं. एका पहाटे न्हाणीच्या दाराशी सासूनं तिच्या हातांवर पाणी घातलं होतं, लाल पाणी मोरीतून वाहून जाईपर्यंत घातलं होतं आणि वर ते वाक्य ठेवलं होतं, झाकण ठेवावं तसं. मग कितीतरी दिवस बावीस वर्षांची शैला लोकांपुढं कमरेवर हात ठेवून, सावकाश, रिकामं पोट वागवत हिंडली होती. एकटी असली, की ती अशीच बसायची. गुडघे छातीशी. ती मोकळी झालेली जागा कशानं तरी बुजवायला.

तिचा संताप कुठं गेला, ते तिला कळलं नाही. पाण्याची मोट विहिरीत सुटावी तसा गेला. मागं नुसता दोर हातात.

तिनं हाक मारली नाही. आल्या पावली ती परत फिरली आणि ट्रे भरायला बसली. हात कामात आणि जीव सगळीकडं. कधीपासून? कसं? सार्थकला ठाऊक आहे? आणि एवढे दिवस मी हिच्या ताटात गोळी ठेवतेय, वरून गातेय! महिना तिसरा, महिना तिसरा! प्रत्येक दुपारी मी हिच्या रिकाम्या ओंजळीत निखारा ठेवत होते आणि ती तो मुकाट्यानं मुठीत मिटत होती.

विचारावं? कसं विचारणार? विचारणं म्हणजे पकडणं. न विचारावं, तर उद्या दुपारी पुन्हा गोळी, पुन्हा घास. गोळ्या माझ्याकडं राहू दे म्हणून सांगावं, ईशूच्या हातून पाकिटं काढून घ्यावीत? पण पाकिटं काही ईशूच्या हातात नव्हतीच. गोळी द्यायची शैला. मुबीनाताईंना तिनं 'थांबेल' म्हणून ठणकावून सांगितलं होतं आणि थांबवायचं होतं ते तिलाच. गोळी ताटात ठेवायची नाही, एवढंच. पण ती न ठेवणं म्हणजेच मला कळलं असं म्हणणं. त्याशिवाय दुसरा अर्थच निघत नव्हता.

"पोटातलं ओठावर आणायचं नाही," मागून आवाज आला.

"तुम्ही गप बसा आता, आत्याबाई," शैला ट्रेमधल्या मातीला म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी शैलानं ताट वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत, वाटीत आमटी. मीठ, लिंबू. वाटीशेजारची जागा तिनं रिकामी सोडली. हात दोनदा पाकिटाकडं गेला आणि दोनदा परत आला.

ईश्वरी बसली. तिची बोटं नेहमीच्या सवयीनं वाटीशेजारी गेली, तिथं काही नाही असं बघून थांबली, ताटाभोवती फिरली.

"आई, गोळी राहिली."

"राहिली नाही," शैला म्हणाली. "ठेवली नाही."

ईश्वरीनं वर बघितलं नाही. तिनं भाकरी मोडली, घास केला, उठली, ओट्याच्या कडेला गेली. भुंगा शेपटीनं फरशी झाडत वाट बघत होता. आता शैलानं पाठ करायची होती, रीत होती ती. शैलानं पाठ केली नाही. ती तशीच समोर उभी राहिली, बघत. ईश्वरीच्या उघड्या तळव्यावर नुसता भाकरीचा घास होता.

शैला खाली बसली. भुंग्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर, ज्या जाळीतून तो ऐकायचा तिथं, तिनं आपला तळहात दाबून धरला. नणंदेच्या कानावर हात ठेवावा तसा.

"सार्थकच्या आधी मला एक होतं," ती म्हणाली.

ईश्वरीचा हात घासासकट तसाच पुढं राहिला.

"तुला कुणीच सांगितलं नसेल. कुणाला माहीतच नाही. आत्याबाईंना होतं, त्या गेल्या. सार्थकच्या बाबांना मी कितीतरी दिवसांनी सांगितलं, ते गोठ्यात जाऊन रडले आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. चौथा लागला होता. मला म्हणाल्या, पोटातलं ओठावर आणायचं नाही. नाही आणलं मी. लोक विचारायचे, काय खावंसं वाटतं गं? मी म्हणायची, चिंच. चिंचेनं माझे दात आंबून गेले होते, तरी खात होते." तिनं पट्ट्यावरचा तळहात आणखी दाबला. "त्याला नाव नव्हतं. पण रोपांची पहिली पानं फुटली, की मला अजून वाटतं, आता एवढं झालं असतं, आता तेवढं. सार्थकपेक्षा मोठं. तू काही बोलायला पाहिजेस असं नाही, पोरी. मला सांगायचं होतं, म्हणून सांगितलं."

भुंग्याला एवढा धीर नव्हता. त्यानं मान लांब करून ईश्वरीच्या तळव्यावरचा घास स्वतःच उचलला आणि गिळला. मग शैलानं पिठाची गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. एका हातानं पट्टा दाबून, दुसऱ्या हातानं गळा चोळत. औषध गेलं. या खेपेला एकटंच गेलं, कुणाचे हात न धरता.

ईश्वरी फरशीवर बसली. गाऊनच्या आत गुडघे छातीशी ओढून घेतले. आता लपवायचं कुणापासून?

जाळीपलीकडं पाण्याचे फवारे सुरू झाले, थांबले. शैलाचा हात अवघडला, पण तिनं तो पट्ट्यावरून काढला नाही.

"आई," ईश्वरी म्हणाली. "त्या दिवशी मी कढीपत्ता आणायला नव्हते गेले."

शैलानं मान हलवली. बोल.

"सकाळीच गेलं होतं. तुम्ही ट्रे गाडीत चढवत होतात, दिवसभर माणसं होती. मला हाक मारता येईना. मी ओढणीत गुंडाळलं, कपाटात ठेवलं, तुम्हाला चहा दिला. मग अंधार पडायला आल्यावर उसाकडं गेले. खुरपं घेऊन. माझ्या हाताला माती का होती, ते कुणी विचारलंच नाही." ती भुंग्याकडं बघत होती, शैलाकडं नाही. "हा बरोबर आला होता. मी खणत होते, तर हासुद्धा पुढच्या पायांनी खणायला लागला. त्याला खेळ वाटला. मी ठेवलं. माती लोटून होतच आली होती, तेवढ्यात तो उसातून आला."

"ईशू..."

"आणि सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, एका उडीत दोन जीव. मला जवळ घेऊन म्हणालात. एवढं घट्ट धरलं होतंत, आई. मग मी कशी सांगणार होते? म्हटलं, उद्या सांगू. उद्या गोळ्या आल्या." तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "मी खरंच टाकायला गेले होते मोरीत. पहिल्या दिवशी. नळ सोडला होता. नाही टाकवली. त्याच्या नावानं आलेली होती ती. वाहून कशी देऊ? कुणाच्या तरी पोटात जावी, असं वाटलं."

भुंग्यानं आपलं जड डोकं तिच्या पावलांवर ठेवलं.

"तर म्हटलं, ते कुठं आहे हे ज्याला एकट्याला ठाऊक आहे, त्यालाच घालावी."